टिळकांचे पथ्य आणि लघवीतील कीटोन

१९०८च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेच्या तुरुंगात झाली. वय ५२, त्यात मधुमेह. त्या काळी या रोगावर औषध असे नव्हतेच. पथ्य हाच उपचार. तिथे त्यांच्या स्वयंपाकासाठी दिलेला कैदी, कुलकर्णी, हा सातारा जिल्ह्यातला. (आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता.) त्याच्या हातचे सातूच्या पिठाचे पदार्थ खाऊन टिळकांनी दिवस काढले, ‘गीतारहस्य’ लिहिले आणि जून १९१४मध्ये ते सुटून आले.

पथ्यावर इतकी वर्षे निभावली, म्हणजे त्यांचे स्वादुपिंड थोडेफार इन्सुलिन बनवत असणार. ते साफ आटले की रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. शरीर मग चरबी जाळते. त्यातून कीटोन तयार होतात आणि लघवीत उतरतात. कडक एकादशी केली तरी थोडे कीटोन दिसतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. साखर वाढलेली असताना दिसले, तर मात्र रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला फळासारखा वास आणि उपचार न झाल्यास बेशुद्धी.

योगायोग असा, की १९०८मध्येच रोथेरा यांनी लघवीतील कीटोन ओळखण्याची चाचणी प्रसिद्ध केली. जांभळा रंग आला की कीटोन आहेत. आजची पट्टीही त्याच रसायनावर चालते. पण तेव्हा नुसते कळून उपयोग काय?

सुटकेनंतर टिळकांनी होमरूलचे दौरे केले, विलायतेला जाऊन आले. जुलै १९२०मध्ये मुंबईत त्यांना ताप आला आणि १ ऑगस्टला सरदारगृहात ते गेले. मधुमेह असलेल्याला ताप येणे हा आजही जपण्याचा काळ आहे. जेवण जात नाही म्हणून घरचे लोक इन्सुलिन बंद करतात आणि कीटोन नेमके तेव्हाच चढतात. इन्सुलिन परस्पर थांबवू नये, पट्टीने लघवी तपासावी. कीटोन दिसले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

टिळक गेले त्याच्या पुढच्याच वर्षी टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचले. पहिल्या सुईने फारसे साधले नाही. बारा दिवसांनी अधिक शुद्ध इन्सुलिन दिले, तेव्हा त्याच्या लघवीतले कीटोन जवळजवळ नाहीसे झाले. तो आणखी १३ वर्षे जगला.