जे. सी. कुमारप्पा

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (जन्म : तंजावर, ४ जानेवारी १८९२, मृत्यू : ३० जानेवारी १९६०) हे गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ व ख्रिस्ती विचारवंत होते. त्यांच्या आयुष्यातील मोठा कार्यकाळ वर्ध्यात गेला.

लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अभ्यास करताना ब्रिटिश राजवटीने चालविलेले भारताचे शोषण त्यांच्या ध्यानी आले. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि पाश्चात्त्य पोशाख सुटून खादी आली. कॉर्नेलियसऐवजी कुमारप्पा हे घराण्यातील जुने नाव त्यांनी लावले. श्रद्धा मात्र अखेरपर्यंत ख्रिस्तीच राहिली.

भारतीयांना येशूपासून दूर ठेवणारा अडसर येशूच्या शिकवणीत नसून तिच्यावर चढविलेल्या पाश्चात्त्य वेषात आणि चर्चच्या राजनिष्ठेत आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच १९३० च्या कायदेभंगाच्या काळात त्यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांना अहिंसक लढ्याच्या बाजूने उभे राहण्याचे जाहीर आवाहन केले. 'यंग इंडिया'तील लेखनाबद्दल त्यांना कारावासही घडला.

१९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस झाले. वर्ध्यातील मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांचे प्रयोग त्यांच्या देखरेखीखाली चालत. शेजाऱ्यावरील प्रेम हे त्यांच्या लेखी प्रवचनापेक्षा अशा कामातून दिसायचे होते. १९४२ च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या जीवनावर 'प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस' हे इंग्रजी पुस्तक लिहिले. शीर्षकात आचरण आधी व उपदेश नंतर आहे, आणि हा क्रम सहज पडलेला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर काही काळ ते वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे राहिले. त्यांचे अखेरचे दिवस मदुराईजवळ कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात गेले.