घर किती हवं? बांच्या कुटीएवढं!

माजलगावात घर बांधायचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला. प्लॉट किती बाय किती? मग हॉल मोठा काढायचा की देवघर वेगळं करायचं, पाहुण्यांसाठी वर एक खोली टाकायची का, यावर आठवडेच्या आठवडे चर्चा. स्लॅब पडतो, कर्जही डोक्यावर बसतं. पण मैत्रिणींनो, या सगळ्या मापात घरातल्या बाईच्या वाट्याला काय येतं? आपल्या महाराष्ट्रातच, वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये, या प्रश्नाचं उत्तर देणारी एक लहानशी कुटी उभी आहे. ती कस्तुरबा गांधींची.

कस्तुरबांचा जन्म १८६९चा, पोरबंदरच्या व्यापारी घरातला. लहान वयात लग्न होऊन त्या गांधींच्या एकत्र कुटुंबात आल्या. १८९७ मध्ये मुलांना घेऊन त्या दक्षिण आफ्रिकेत डरबानला पोचल्या. नवरा बॅरिस्टर, बंगला ऐसपैस. पण त्या बंगल्यात ऑफिसातले कारकूनही राहायचे आणि त्यांची लघवीची भांडी साफ करायचं काम बांवरही आलं. त्या नाराज झाल्या, तर संतापलेल्या नवऱ्याने हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. पुढे गांधीजींनी आत्मचरित्रात या वागण्याबद्दल स्वतःलाच दोष दिला. घर मोठं होतं हो, पण त्यात बांचा हक्क केवढा होता?

नंतर घरं साधी होत गेली. १९०४ मध्ये डरबानजवळ फिनिक्स आश्रम निघाला. पुढे बा तिथल्या पत्र्याच्या घरात राहायला गेल्या. भारतात परतल्यावर १९१७ पासून साबरमती. तिथल्या ‘हृदयकुंज’मध्ये त्यांना एक छोटी खोली आणि स्वयंपाकघर होतं. सामान कमी झालं, दागिने गेले, माणसं मात्र वाढतच राहिली.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. तिथलं पहिलं घर म्हणजे ‘आदिनिवास’. माती, बांबू, कौलं, सगळं साहित्य जवळपासचं. त्या एकाच घरात गांधीजी, बा, सहकारी आणि येणारेजाणारे पाहुणे असे सगळे राहायचे. पुरुषांच्या त्या गर्दीत साठी ओलांडलेल्या बाईने कपडे कुठे बदलायचे, घटकाभर आडवं कुठे व्हायचं? ही अडचण ओळखून जमनालाल बजाज यांनी बांसाठी शेजारीच वेगळी कुटी बांधून दिली. तीच आजची ‘बा कुटी’. तीही मातीचीच, साधीच. पण दार लावून घेता येईल अशी, त्यांची स्वतःची.

बांचा शेवट मात्र राजवाड्यात झाला. १९४२च्या ऑगस्टमध्ये अटक झाल्यावर त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. दालनं भरपूर, पण बाहेर पहारा. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्या गेल्या. त्यांची समाधीही तिथेच आहे.

बंगला, पत्र्याचं घर, कुटी, राजवाडा. बांनी सगळं पाहिलं. त्यातून एक गोष्ट कळते. घर लहान असणं वेगळं आणि बाईला जागा नसणं वेगळं. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया महिनोन्‌महिने पाचटाच्या कोपीत काढतात. ना न्हाणीचा आडोसा, ना दाराला कडी. त्याला साधेपणा म्हणून कसं चालेल? ती अडचणच आहे. उलट चार खोल्यांच्या पक्क्या घरातही एखादीला दुपारी पाठ टेकायला ओट्याखालचीच फरशी मिळते.

तेव्हा नकाशा काढताना हॉल दोन फूट कमी झाला तरी चालेल. कर्जही तेवढंच हलकं होईल. पण एक कोपरा असा ठेवा, जिथे घरातली बाई कुणाला न विचारता बसू शकेल आणि आतून कडी लावू शकेल. नकाशावर आधी तो आखा. बाकीच्या भिंती मग ठरवू.