विश्लेषण : गाण्यात पदवी घेण्याची वाट कोणी घालून दिली? त्यासाठी विष्णु दिगंबर पलुस्करांनी काय मोजले?

अभ्यासक्रम, इयत्ता, परीक्षा, प्रमाणपत्र... संगीताच्या शिक्षणात आज गृहीत धरलेल्या या गोष्टींमागे कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या मुलाचे कष्ट आहेत. त्याने उभारलेली मुंबईतील इमारत कर्जापायी लिलावात गेली. त्याने शिकवलेली मुले मात्र देशभर शाळा काढत राहिली. त्या आयुष्याची ही गोष्ट आणि आज प्रवेश घेणाऱ्यांसाठी तिचा अर्थ.

आत्ताच हा विषय का?

बारावीचा निकाल लागला की इंजिनीअरिंग, कॉमर्स, नर्सिंग यांच्या रांगेत काही मुले गायन किंवा तबला घेऊन पदवी करायची म्हणतात. घरून पहिला प्रश्न येतो, पुढे नोकरी काय? दुसरा प्रश्न खर्चाचा. माहुलसारख्या भागात हे प्रश्न जास्त टोकदार होतात. एका बाजूला जुना कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला रिफायनऱ्या आणि मधे प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या इमारती. जेमतेम सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत चार-पाच माणसे राहत असतील, तर पहाटेचा रियाज करायचा कुठे? इथल्या प्रदूषित हवेचा प्रश्न तर उच्च न्यायालयापर्यंत गेला. श्वासावर ज्याची विद्या उभी आहे, त्या गाणाऱ्या मुलाला तो टाळता येत नाही.

पैसा नसलेल्या मुलाने गाणे पूर्णवेळ कसे शिकायचे, हा प्रश्न जुना आहे. त्यावर वर्ग, वसतिगृह आणि करार अशा थेट व्यवस्थेने उत्तर शोधणाऱ्यांत पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आघाडीवर होते.

पलुस्कर गाण्याकडे कसे वळले?

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते, त्यामुळे सूर-ताल कानावर होताच. लहानपणी एका उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळ्यांना मोठी इजा झाली. दृष्टी अधू झाल्याने शाळेचे शिक्षण थांबले.

ज्यात वाचनावर फार अवलंबून राहावे लागणार नाही असे काही शिकणे भाग होते. मिरज संस्थानच्या आश्रयाने त्यांना पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवण्यात आले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांना दिले जाते. शिकवण्याची रीत तेव्हाच्या सगळ्या गुरूंची तीच होती. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरू देईल तेवढेच घ्यायचे. किती वर्षांत काय शिकून होईल, याचे वेळापत्रक नसे. लिहून घेणे नसे. शिक्षण कधी पूर्ण झाले, हेही गुरूच ठरवणार.

मग मिरज का सोडली?

राजाश्रयामुळे पलुस्करांना मिरजेत मान होता. एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, पण त्यांच्या गुरूंना आणि इतर गायकांना आले नाही, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. आपल्याला बोलावले ते राजाच्या मर्जीमुळे, गायक म्हणून नव्हे, हे त्यांच्या मनाला लागले. त्या काळी गवई म्हणजे व्यसनी, अडाणी, दरबाराच्या मर्जीवर जगणारा माणूस, असा समज पांढरपेशा घरांत पक्का होता. चांगल्या घरच्या मुलाने गाणे ऐकावे, पण त्यावर पोट भरू नये.

१८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा त्यांचा प्रवास झाला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. शास्त्रीय गाणे दरबाराबाहेर काढून तिकीट घेणाऱ्या श्रोत्यांसमोर नेण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. राजाची मर्जी नको असेल तर पैसा लोकांकडूनच यायला हवा, हा त्यामागचा विचार पुढे त्यांच्या संस्थेचाही पाया झाला.

लाहोरमध्ये नेमके काय सुरू झाले?

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. पलुस्करांचे वय तेव्हा २८ होते. ही देशातील पहिली संगीतशाळा नव्हती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची शाळा १८८६ पासून चालू होती. फरक पैशाच्या वाटेत होता. लाहोरची शाळा एखाद्या संस्थानिकाच्या खजिन्यावर उभी नव्हती. देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि पलुस्करांच्या जलशांचे उत्पन्न यांवर ती चालायची.

सुरुवातीला कोणी विद्यार्थीच फिरकत नव्हते. पलुस्कर ठरल्या वेळी वर्गात बसून एकटेच तंबोऱ्यावर रियाज करत, असे सांगतात. पुढे मात्र पट भरला. हजेरी, तासांचे वेळापत्रक, ठरलेला अभ्यासक्रम आणि वर्षाअखेर परीक्षा, अशी इतर शाळांसारखी घडी त्यांनी संगीताला लावली. स्त्रियांनाही शिकण्याची सोय झाली, आणि घरंदाज बाईने गाणे शिकण्याकडे नाके मुरडली जात असताना ही मोठी गोष्ट होती.

शिकवायचे तर पुस्तके हवीत. त्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली, छापखाना घातला आणि क्रमिक पुस्तके काढली. संगीतामृत प्रवाह नावाचे मासिक चालवले. वाद्यांच्या दुरुस्तीची सोयही शाळेतच केली. गुरूच्या गळ्यात असलेली बंदिश आता चार आण्यांच्या पुस्तिकेसारखी हातात धरता येईल, अशी ही धडपड होती.

नऊ वर्षांचा करार काय होता?

शाळेत दोन प्रकारचे विद्यार्थी असत. पहिला वर्ग हौशी लोकांचा. फी भरावी, काही वर्षे शिकावे, गाणे समजू लागावे. शाळेतून तानसेन निघतीलच असे नाही, पण जाणता श्रोता नक्की निघेल, ही त्यांची भूमिका होती.

दुसरा उपदेशक वर्ग. गाणे शिकून पुढे गाण्याचे शिक्षक होणाऱ्या मुलांसाठी तो होता. ही मुले बहुतेक गरीब घरची. त्यांना फी नव्हती, राहणे-जेवण शाळेकडे. त्याच्या बदल्यात पालक नऊ वर्षांचा करार लिहून देत. तेवढा काळ मुलाने अर्धवट सोडून जायचे नाही, वरच्या वर्गात गेल्यावर खालच्या वर्गांना शिकवायचे आणि शिस्त पाळायची. आजच्या भाषेत ही पूर्ण शिष्यवृत्ती होती, पण सोबत बाँडही होता.

या वर्गाचे फळ काय, याचे सर्वांत ठळक उदाहरण ओंकारनाथ ठाकूर. भडोचला अत्यंत गरिबीत वाढलेला हा मुलगा एका दानशूर पारशी गृहस्थाच्या मदतीने मुंबईच्या शाळेत आला. विशीच्या आसपासच पलुस्करांनी त्याला लाहोर शाखेचा प्राचार्य करून पाठवले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रमुख ओंकारनाथच होते. स्वतः शालेय शिक्षण पुरे न झालेल्या गुरूचा शिष्य विद्यापीठात संगीत शिकवू लागला.

मुंबईत काय बिघडले?

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि हळूहळू तीच मुख्य केंद्र झाली. विद्यार्थी वाढले. पलुस्करांनी स्वतःची मोठी इमारत आणि वसतिगृह उभारायचे ठरवले. त्यासाठी कर्ज काढले. फेडीचा भरवसा होता तो दौऱ्यांवर. गावोगावी गायचे आणि आलेला पैसा शाळेत ओतायचा.

हिशेब मात्र जुळेना. उपदेशक वर्गातील मुले फी देत नव्हती, उलट त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च शाळेवर होता. व्याज थांबत नव्हते. एकाच माणसाच्या गळ्यावर संस्थेचे सगळे उत्पन्न टेकलेले होते, आणि तो माणूस दौऱ्यावर असला की शाळेच्या कारभाराकडे लक्ष राहत नव्हते. अखेर १९२४ मध्ये धनकोंनी मालमत्तेवर जप्ती आणली आणि इमारत लिलावात गेली.

त्यानंतर पलुस्कर नाशिकला राहिले. तेथील आश्रमात रामनाम, भजन आणि थोड्या शिष्यांना शिकवणे, एवढेच आयुष्य उरले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले, वयाच्या ५९ व्या वर्षी. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनीच त्याला शिकवून मोठे केले. बैजू बावरा चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासोबत गायलेले डी. व्ही. पलुस्कर ते हेच. तेही १९५५ मध्ये, ३४ व्या वर्षी गेले.

इमारत गेली, मग पद्धत कशी टिकली?

टिकली ती शिष्यांमुळे. प्रा. बी. आर. देवधरांनी मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले. कुमार गंधर्व तिथेच शिकले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नारायणराव खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवू लागले. गुरूंच्या निधनाच्या वर्षीच, १९३१ मध्ये, शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा घेणारे मंडळ हेच. माहुलहून हार्बर मार्गाने खाडी ओलांडली की वाशीत त्याचे संकुल आहे.

त्याच काळात पं. विष्णु नारायण भातखंडे वेगळ्या वाटेने हेच काम करत होते. मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले, वकिली शिकलेले भातखंडे रागांच्या शास्त्रावर आणि ग्रंथांवर भर देत. १९२६ मध्ये लखनौला सुरू झालेल्या त्यांच्या महाविद्यालयाचे आज राज्य विद्यापीठ झाले आहे. आजच्या पदवी अभ्यासक्रमांत लेखी शास्त्र आणि मंचावरचे सादरीकरण असे जे दोन भाग दिसतात, त्यांमागे या दोन विष्णूंचे काम आहे.

त्यांच्यावर टीका कोणती होते?

पहिली टीका वर्गपद्धतीवर. वीस मुलांनी एकत्र म्हटलेला राग पाठ होतो, पण मुरत नाही, असे घराण्यातील कलावंत तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. दुसरी टीका अधिक गंभीर आहे. गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देताना पलुस्करांनी त्याला भक्तीचा पोशाख चढवला. शृंगारिक शब्दांच्या बंदिशी बाजूला पडल्या. ज्या मुस्लिम उस्तादांनी आणि गाणाऱ्या बायकांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांचा वाटा नव्या शाळांच्या चित्रात फिका झाला, असे अभ्यासक दाखवून देतात. प्रतिष्ठा मिळाली, पण ती सर्वांना सारखी मिळाली नाही. त्यांचे मोठेपण मान्य करूनही हे नोंदवायला हवे.

विशारद म्हणजेच पदवी का?

इथे अनेकांची गल्लत होते. गांधर्व मंडळाच्या विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा असतात आणि ती संगीतातील पदवीच्या तोडीची समजली जाते. पण विद्यापीठाची पदवी आणि मंडळाची परीक्षा कायद्याने एक नाहीत. नोकरी, बी.एड. किंवा पदव्युत्तर प्रवेशासाठी विशारद चालते की नाही, हे त्या-त्या ठिकाणच्या नियमांवर ठरते. राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांना अशा परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तो मुद्दा वेगळा.

पूर्ण पदवीच हवी असेल तर मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचा आणि मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि भारती विद्यापीठाचा सादरीकरण कलांचा विभाग आहे. कोणत्या वर्षी कोणता अभ्यासक्रम चालू आहे, हे प्रवेशाआधी त्या विभागात विचारूनच घ्यावे.

प्रवेशाआधी काय तपासावे?

पलुस्करांच्या शाळेकडे पाहिले तर चार प्रश्न पुढे येतात. पदवी देणारे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का? आठवड्यात गुरूसमोर प्रत्यक्ष बसून शिकण्याचे तास किती? रियाजासाठी खोली आणि वाद्य संस्थेत मिळते का? फी माफी किंवा शिष्यवृत्ती आहे का, आणि तिच्या अटी काय?

यातील शेवटचे दोन प्रश्न माहुलच्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाचे. घरी जागा नसेल तर संस्थेतील रियाजाची खोली ही चैन नसते, ती अभ्यासिका असते. गरीब मुलाला पूर्णवेळ शिकवायचे तर कोणीतरी त्याचा खर्च उचलावा लागतो, हे पलुस्करांनी ओळखले होते आणि तो भार त्यांनी स्वतःवर घेतला. एका माणसाला तो पेलला नाही. आज हा भार उचलण्यासाठी विद्यापीठे आहेत, सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज भरताना फीच्या रकान्याआधी शिष्यवृत्तीचा रकाना वाचा, आणि त्याची शेवटची तारीख चुकवू नका.