सीमोर क्रे आणि यंत्रातील उष्णता

खेळासाठी घेतलेला संगणक कारखानदाराने ठरवून दिलेल्या गतीहून अधिक वेगाने पळविण्याचा छंद हल्ली पुष्कळ तरुणांना जडलेला आहे. आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाने मध्यंतरी मला विचारले, की चुलतभावाच्या संगणकात पंख्यांबरोबर पाण्याच्या नळ्या कशासाठी बसविल्या आहेत? त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की एका विलक्षण माणसाच्या चरित्राशी आपण येऊन पोहोचतो. ते चरित्र सीमोर क्रे यांचे होय.

आधी थोडे मूळ कारण पाहू. प्रत्येक संगणकाच्या अंतर्यामी एक ठोका चालू असतो व त्या ठोक्यासरशी त्याचे असंख्य सूक्ष्म स्विच उघडतात आणि मिटतात. दर वेळी थोडी ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. ठोके वाढविले की उष्णता वाढलीच. पण एवढ्यावर हे संकट थांबत नाही. विजेचा संकेत एका सेकंदाच्या अब्जांश भागात फार तर ३० सेंटिमीटर जातो. म्हणून वेग हवा असेल, तर तारा आखूड केल्या पाहिजेत, म्हणजेच सारे भाग एकमेकांना खेटून बसविले पाहिजेत. उष्णता अधिक आणि तिला बाहेर पडावयास जागा मात्र कमी, असा हा पेच आहे. क्रे यांचे सारे आयुष्य तो सोडविण्यात गेले.

त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, चिपेवा फॉल्स या लहानशा गावी झाला. वडील स्थापत्य अभियंते होते. मुलाचा ओढा लहानपणापासूनच विजेच्या उपकरणांकडे. दहा वर्षांचा असताना त्याने खेळण्यातल्या सुट्या भागांतून कागदी पट्टीवरील छिद्रांचे मोर्सच्या संकेतांत रूपांतर करणारे यंत्र तयार केले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते युरोपात बिनतारी संदेशांच्या कामावर होते, आणि नंतर फिलिपीन्समध्ये जपानी सांकेतिक संदेश उलगडण्याच्या. युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी व उपयोजित गणित यांचे शिक्षण पुरे करून त्यांनी संगणक बांधण्याच्या नव्या धंद्यात पाऊल टाकले.

१९५७ साली विल्यम नॉरिस यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली आणि क्रे लवकरच तिच्यात दाखल झाले. सभा, अहवाल आणि पाहुणे यांचा त्यांना मनस्वी कंटाळा. तेव्हा १९६२ मध्ये त्यांच्यासाठी चिपेवा फॉल्सला, त्यांच्या घराजवळच, स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्यात आली. तेथे १९६४ साली '६६००' हा संगणक सिद्ध झाला. त्यात सुमारे ४ लक्ष ट्रान्झिस्टर होते, ठोके सेकंदाला १ कोटी होते आणि एवढा ऐवज थंड राखण्यासाठी नळ्यांतून फ्रेऑन खेळविला होता. फ्रेऑन म्हणजे त्या काळी शीतकपाटात वापरला जाणारा वायू. हा त्या वेळचा जगातील सर्वांत वेगवान संगणक ठरला. झाडूवाल्यासह अवघ्या ३४ माणसांच्या प्रयोगशाळेने आपल्यासारख्या अवाढव्य कंपनीस मागे कसे टाकले, याचा जाब आय. बी. एम.च्या प्रमुखांनी आपल्या अधिकाऱ्यांना लेखी विचारला होता.

१९६९ साली त्यांचाच '७६००' त्याच्याही पुढे गेला. पण त्यानंतरच्या '८६००' या यंत्रात उष्णतेने त्यांचा पराभव केला. भाग इतके दाटीने रचले होते, की ते यंत्र भरवशाने चालेना. ते मोडून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा असे क्रे यांना वाटले, परंतु कंपनीजवळ पैसा नव्हता. १९७२ मध्ये ते बाहेर पडले व त्यांनी स्वतःची क्रे रिसर्च ही कंपनी काढली. वयाच्या ४७ व्या वर्षी हे धाडस करणे सोपे नव्हे!

या कंपनीचा पहिला संगणक 'क्रे-१' हा १९७६ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेला. त्याचे वजन ५ टनांहून अधिक, ठोके सेकंदाला ८ कोटी आणि विजेचा खप ११५ किलोवॅट. आकार वरून पाहिल्यास इंग्रजी 'सी' अक्षरासारखा. तो शोभेसाठी नव्हता. आतल्या बाजूची तार आखूड व्हावी म्हणून खांब वर्तुळात मांडले होते आणि एकही तार सुमारे सव्वा मीटरहून लांब नव्हती. सभोवार गादीचे बाक होते, आपल्याकडील जुन्या घरांच्या बाल्कांवात असतात तसे. त्यांच्या पोटात वीजपुरवठ्याची साधने दडविली होती. प्रत्येक फळीची उष्णता तांब्याच्या पत्र्यातून खांबांकडे जाई आणि खांबांतील नळ्यांतून फ्रेऑन ती वाहून नेई. पण पहिल्याच यंत्रात सांध्यांतून फ्रेऑनबरोबरचे वंगण झिरपू लागले व मंडले तेलकट होऊन निकामी झाली. नळ्यांच्या जोडकामाची नवी रीत शोधण्यात सहा महिने मोडले. गणिताचा एवढा मोठा चमत्कार, आणि तो अडला कुठे, तर नळाच्या सांध्यावर! मला या चरित्रातील हा भाग सर्वांत आवडतो.

'क्रे-२' (१९८५) मध्ये त्यांनी याहून धीट उपाय केला. ठोके २४ कोटींवर गेले होते आणि नळ्यांनी भागेना. तेव्हा त्यांनी सारी मंडले फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात चक्क बुडविली. या द्रवातून वीज वाहत नाही, त्यामुळे यंत्रास इजा होत नाही. हा द्रव यंत्रातून संथपणे फिरे आणि पारदर्शक भिंतींतून त्याचे बुडबुडे पाहावयास लोक जमत. दुरुस्तीपूर्वी मात्र तो सगळा उपसून काढावा लागे.

याच सुमारास भारताने हवामानाच्या अंदाजासाठी क्रे रिसर्चचा संगणक मागितला. पुष्कळ वाटाघाटींनंतर मागितलेल्याहून लहान असे एक्स-एमपी यंत्र दिल्लीस आले. त्याची रचना क्रे यांचे सहकारी स्टीव्ह चेन यांची. इकडे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली व १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' उभा केला. त्याचा मार्ग अनेक लहान प्रोसेसर एकत्र राबविण्याचा होता, आणि नेमका याच मार्गावर क्रे यांचा विश्वास नव्हता. थोडे, पण अत्यंत बलवान प्रोसेसर हवेत असे ते मानीत.

या मतापायी त्यांनी पुढे मोठी किंमत मोजली. १९८९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे वेगळी कंपनी काढून त्यांनी सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइडचा 'क्रे-३' बांधला. १९९३ मध्ये तो एकाच ठिकाणी, एका वातावरण-संशोधन केंद्रात, बसविला गेला. शीतयुद्ध संपल्याने मोठे गिऱ्हाईक आटले होते. मार्च १९९५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. आज खेळाच्या संगणकातही ठोके ५०० कोटींच्या वर जातात, परंतु त्यातही अनेक गाभे एकत्र राबतात आणि पाण्याच्या नळ्या तर आहेतच.

सत्तरीत आलेल्या क्रे यांनी १९९६ साली आणखी एक कंपनी उघडली, आणि या वेळी आपला जुना आग्रह सोडून अनेक प्रोसेसरांचे यंत्र आखावयास घेतले. २२ सप्टेंबर रोजी त्यांच्या मोटारीस अपघात झाला. एकाहत्तरावा वाढदिवस रुग्णालयातच गेला आणि ५ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे देहावसान झाले. ते यंत्र तेव्हा कागदावरच होते.