बाळू पालवणकर : मैदानावरचा मान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रिकेट हा भारतात इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि सुखवस्तू मंडळींचा खेळ होता. गोरगरिबांनी मैदान झाडावे, खेळपट्टीवर रोलर फिरवावा आणि दूर उभे राहून खेळ पाहावा, अशी रीत होती. त्या काळात मैदान झाडणारा एक मुलगा आपल्या गोलंदाजीच्या बळावर देशातील अग्रगण्य खेळाडू झाला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात ते जन्मले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास राहत असे. पुण्यात बाळूंना पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे काम मिळाले. पगार दरमहा तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांची नोकरी लागली. तेथे सरावाच्या जाळ्यात इंग्रज फलंदाजांना तासन् तास चेंडू टाकणे, हेही त्यांचे काम झाले. फलंदाजीची संधी मात्र त्यांना कोणी देत नसे. ही चाकरी हीच त्यांची शाळा ठरली. रोजच्या सरावाने त्यांची डावखुरी मंद गोलंदाजी अत्यंत अचूक झाली.

त्यांची कीर्ती पुण्यातील हिंदू संघाच्या कानी गेली. असा गोलंदाज संघात हवा, हे सर्वांना पटत होते. परंतु अस्पृश्य मानलेल्या माणसाबरोबर खेळावे की नाही, यावरून वाद झाला. शेवटी बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सगळे त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावीत. पण चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. जेवणही वेगळे असे. बाळूंनी हा अपमान सोसला आणि आपले उत्तर चेंडूने दिले.

पुढे ते मुंबईस आले. रेल्वेत नोकरी करीत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांच्या संघाला १०९ धावांनी हरविले. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येते, हे लोकांनी पाहिले. ज्या खेळाडूला पंगतीत जागा नव्हती, त्याच्यामुळे हा अभिमानाचा दिवस उगवला होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले; परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ गडी बाद केले. परक्या भूमीवर, परक्या हवेत मिळविलेले हे यश पाहून तेथील जाणकारही प्रभावित झाले.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. अनुभवाने आणि गुणांनी ते सर्वांत ज्येष्ठ होते; आड येत होती ती केवळ जात. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका जाहीरपणे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाळूंना परत घेऊन उपकर्णधार करावे लागले. पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी चौरंगी सामन्यांत त्यांचा संघ विजयी झाला. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याने मिळविला.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. दोघांचे मार्ग भिन्न होते. अस्पृश्यतेचे दुःख मात्र दोघांनीही भोगले होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले होते. हे आकडे त्यांच्या कौशल्याची साक्ष देतात. त्यांच्या वाट्याला आलेला वेगळा पेला आणि न मिळालेले कर्णधारपद यांची नोंद मात्र कोणत्याही धावफलकावर नाही. ती समाजाने आपल्या स्मरणात जपावयाची आहे. कारण गुणी माणसाला मैदानात घेणे पुरेसे नसते, त्याला पंगतीतही बरोबरीने बसवावे लागते.