विचारत राहिलेला राजा : कोसलनरेश प्रसेनजित

धम्मदीक्षा घेऊन घरातला देव्हारा रिकामा झाला, तरी घरातले प्रश्न संपत नाहीत. मूल रात्री दचकून उठते, म्हातारी माणसे निघून जातात, मुलीच्या पाठीवर मुलगी होते, भावाभावांत वितुष्ट येते. पूर्वी अशा वेळी भगताकडे किंवा भटजीकडे जाण्याची वाट ठरलेली होती. ती वाट आपण सोडली. मग आता कोणाला विचारावे आणि काय विचारावे, असा पेच पुष्कळ बौद्ध कुटुंबांपुढे उभा राहतो. विचारले तर आपण कच्चे बौद्ध ठरू, या संकोचाने कित्येक बांधव गप्प बसतात आणि रात्रीच्या अंधारात पुन्हा जुन्याच दाराशी जाऊन येतात. अशा बांधवांनी कोसल देशाचा राजा प्रसेनजित याचे चरित्र जरूर समजून घ्यावे. बाबासाहेबांनीही आपल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात त्याच्या धम्मस्वीकाराला स्थान दिले आहे.

पाली ग्रंथांत या राजाचे नाव पसेनदी असे येते. त्याच्या पित्याचे नाव महाकोसल. कोसलाची राजधानी श्रावस्ती अचिरवती नदीच्या काठी होती. हीच आजची राप्ती. उत्तर प्रदेशात सहेट-महेट येथे त्या नगरीचे व जेतवनाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. काशीचा प्रदेशही त्याच्याच सत्तेखाली होता. तरुणपणी तो शिक्षणासाठी तक्षशिलेला गेला. वैशालीचा लिच्छवी राजपुत्र महाली आणि कुशीनाऱ्याचा मल्ल राजपुत्र बंधुल हे तेथे त्याचे सोबती होते. यांपैकी बंधुलाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

भगवान बुद्धांनी श्रावस्तीत २५ वर्षावास केले, असे परंपरा सांगते. त्यामुळे राजाला प्रश्न पडला की जेतवन जवळच होते. संयुक्त निकायात कोसल संयुत्त नावाचा एक भागच आहे. त्यात २५ सुत्ते आहेत आणि ती सर्व या राजाशी संबंधित आहेत. ती वाचताना नवल वाटते. एवढा मोठा राजा, पण त्याचे प्रश्न तुमच्याआमच्या घरातले आहेत.

पहिल्या भेटीत तर त्याने शंकाच घेतली. पूरण कस्सप, मक्खलि गोसाल, निगंठ नातपुत्त यांसारखे वयोवृद्ध आचार्यसुद्धा स्वतःला संबुद्ध म्हणवून घ्यायला कचरतात, मग वयाने लहान असलेल्या गौतमांनी तसे कसे म्हणावे, असे त्याने तोंडावर विचारले. भगवंतांना राग आला नाही. राजपुत्र, सर्प, अग्नी आणि भिक्षू या चौघांना लहान समजून कोणी हिणवू नये, असे त्यांनी त्याला समजावले. राजाला ते पटले आणि तो उपासक झाला. शंका विचारल्यामुळे त्याची श्रद्धा कमी झाली नाही, उलट तेथूनच ती सुरू झाली.

राजाची राणी मल्लिका ही श्रावस्तीतील एका माळ्याची मुलगी. अजातशत्रूकडून लढाईत हार खाऊन थकलेला राजा परत येत असता एका फुलबागेत तिची त्याची गाठ पडली आणि त्याने तिला पट्टराणी केले, अशी कथा जातकात आहे. ही राणी बुद्धिमान होती. तिच्या उद्यानात तिंदुक वृक्षांनी वेढलेली एक शाळा होती. निरनिराळ्या पंथांचे परिव्राजक तेथे येऊन आपापली मते मांडीत व वाद करीत. दुसऱ्यांची मते ऐकण्यासाठी जागा राखून ठेवणारे हे राजघराणे होते.

एकदा महालाच्या गच्चीवर बसलेले असता राजाने मल्लिकेला विचारले की तिला स्वतःपेक्षा अधिक प्रिय असे कोणी आहे काय. आपले नाव ऐकायला मिळेल अशी त्याची आशा असावी. मल्लिकेने मात्र स्वतःपेक्षा प्रिय कोणी नाही असे सरळ सांगितले व तोच प्रश्न त्याला उलट विचारला. राजालाही तेच कबूल करावे लागले. मग तो हा संवाद घेऊन जेतवनात गेला. भगवंतांनी राणीला दोष दिला नाही. प्रत्येकाला स्वतःचा जीव असाच प्रिय असतो, म्हणून आपले हित जाणणाऱ्याने दुसऱ्याला इजा करू नये, एवढे त्यांनी सांगितले. नवराबायकोच्या साध्या बोलण्यातून अहिंसेचा असा अर्थ निघाला.

पुढे मल्लिकेला मुलगी झाली. ही बातमी एका माणसाने राजाच्या कानात सांगितली तेव्हा तो भगवंतांजवळच बसला होता. त्याचा चेहरा उतरला. मुलगीही मुलापेक्षा श्रेष्ठ निघू शकते, ती बुद्धिमान व शीलवान होते, असे सांगून भगवंतांनी त्याचे मन वळवले. मल्लिकेची मुलगी म्हणून ग्रंथांत वजिरी हे नाव येते. काही वर्षांनी एका बोलण्यात मल्लिकेने राजाला विचारले की वजिरी त्याला प्रिय आहे काय. तिला काही झाले तर आपले जगणेच बदलून जाईल, असे तो बोलून गेला. मुलीच्या जन्माने ज्याचा चेहरा उतरला होता, त्याच बापाचे हे उत्तर आहे.

राजाचे जेवणही प्रचंड होते. द्रोणभर तांदळाचा भात खाऊन तो धापा टाकीत जेतवनात येई. जेवताना जो सावध राहून प्रमाणात खातो त्याची दुखणी कमी होतात, अशा अर्थाची एक गाथा भगवंतांनी सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगून त्याला १०० कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा एका नाळीभर तांदळाच्या भातावर आला व त्याचे शरीर हलके झाले. उपदेश ऐकून विसरून जाण्याचा धोका त्याने ओळखला होता, म्हणून आठवण करून देणारा माणूसच त्याने जवळ ठेवला.

मात्र राजा एका दिवसात बदलला नाही. एकदा रात्री त्याला भयंकर आवाज ऐकू आले आणि झोप उडाली. पुरोहिताने हे अरिष्ट आहे असे सांगून महायज्ञ करायला लावले. ५०० बैल, ५०० गोऱ्हे, ५०० कालवडी, ५०० बकऱ्या आणि ५०० मेंढे यूपाला बांधण्यात आले. शिक्षेच्या भीतीने दास व नोकर रडत रडत तयारी करू लागले. अट्ठकथा सांगते की अशा वेळी मल्लिका पुढे झाली. दुसऱ्यांचे जीव घेऊन आपला जीव कसा वाचेल, असे तिने त्याला खडसावले आणि जेतवनात जाऊन भगवंतांना विचारायला लावले. राजा गेला, त्याची भीती गेली आणि जनावरे सोडून देण्यात आली. घरातले मूल दचकले म्हणून बकरे कबूल करणाऱ्या घरांनी ही कथा पुन्हा पुन्हा सांगावी. राजाला योग्य दाराशी नेणारी व्यक्ती त्याच्याच घरात होती, हेही विसरू नये.

राजाने केवळ भगवंतांनाच विचारले असेही नाही. साकेत आणि श्रावस्ती यांच्यामधील तोरणवत्थु गावी मुक्काम असता येथे कोणी जाणता श्रमण आहे काय याची त्याने चौकशी केली. खेमा भिक्षुणी तेथे आहे असे कळताच तो स्वतः तिच्याकडे गेला आणि मरणानंतर तथागत असतात की नसतात, असा अवघड प्रश्न केला. गंगेची वाळू कोणी मोजू शकेल काय, असे विचारून खेमेने त्याला या प्रश्नाची मर्यादा दाखवली. पुढे हाच प्रश्न त्याने भगवंतांनाही विचारला व तेच उत्तर मिळाले. एका स्त्रीपुढे बसून धम्म समजून घेताना राजाला कमीपणा वाटला नाही.

वर्णांबद्दलही त्याने विचारले. भगवंतांनी सांगितले की निरनिराळ्या लाकडांपासून अग्नी पेटवला तर ज्वालेत व प्रकाशात फरक नसतो, तसाच प्रयत्नाने मुक्ती मिळवणाऱ्यांत वर्णाने फरक पडत नाही. दुसऱ्या एका वेळी त्यांनी राजालाच प्रश्न केला की युद्ध उभे राहिले असता तो न शिकलेला, भित्रा क्षत्रिय ठेवील की शस्त्रात तयार झालेला शूद्र. राजाने शिकलेल्या शूद्राची निवड केली. भगवंतांची ही रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. ते विचारणाऱ्याच्याच अनुभवातून त्याचे उत्तर काढून घेत.

साधूची पारख कशी करावी हेही राजाने विचारले. जटाधारी, नग्न आणि परिव्राजक असे काही जण समोरून गेले. राजाने त्यांना हात जोडले आणि हे अर्हत आहेत काय असे भगवंतांना विचारले. शील सहवासाने कळते, प्रामाणिकपणा व्यवहारात कळतो, धैर्य संकटात आणि प्रज्ञा चर्चेत कळते, तेही दीर्घ काळाने व लक्ष देणाऱ्यालाच, असे उत्तर त्याला मिळाले. मग राजाने कबूल केले की ते सारे त्याचेच गुप्तहेर होते. वेष पाहून पाया पडणाऱ्यांना यापेक्षा चांगला धडा कोणता?

परंतु या राजाच्या आयुष्यात एक दिवस असा आला की त्याने कोणाला काही विचारल्याचा उल्लेखच सापडत नाही. तक्षशिलेचा मित्र बंधुल त्याचा सेनापती झाला होता. लाचखाऊ न्यायाधीशांचा चुकीचा निवाडा त्याने फिरवला, म्हणून राजाने न्यायदानाचे कामही त्यालाच दिले. दुखावलेल्यांनी राजाचे कान भरले की बंधुलाला गादी हवी आहे. राजाने मित्राला समोर बोलावून खरेखोटे केले नाही. सरहद्दीवरचे बंड मोडण्याच्या निमित्ताने त्याला ३२ मुलांसह पाठवले आणि परतीच्या वाटेवर सर्वांना मारवले. नंतर बंधुल निर्दोष असल्याचे कळले. राजाने पश्चात्ताप केला, बंधुलाचा भाचा दीघ कारायण याला सेनापती केले, पण गेलेले जीव परत आले नाहीत.

दुसरी जखम जातीच्या अहंकाराने केली. राजाने शाक्यांकडे मुलगी मागितली तेव्हा रक्ताचा गर्व असलेल्या शाक्यांनी महानामाला दासीपासून झालेली वासभखत्तिया फसवून दिली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी गेला, तेव्हा तो बसला होता ते आसन त्याच्या पाठीमागे दूधपाण्याने धुण्यात आले. महाडच्या सत्याग्रहानंतर १९२७ साली चवदार तळ्याचे शुद्धीकरण झाले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या अपमानाचा अर्थ सांगायला नको. खरी हकीकत कळताच राजानेही त्या मायलेकरांचा मान काढून घेतला. पुढे भगवंतांनी त्याला समजावले की शाक्यांनी फसवले हे चूक, परंतु मुलाचा मान आईच्या कुळावरून कमी करू नये. राजाने दोघांनाही पुन्हा पहिल्या जागी बसवले. तरी विडूडभाच्या मनात पेटलेला अग्नी विझला नाही, आणि पुढे त्याने शाक्यांचा संहार केला.

मल्लिका गेली तीही बातमी राजाला भगवंतांजवळच कळली. त्याची मान खाली गेली, खांदे पडले. जे म्हातारे होणार ते म्हातारे होऊ नये, जे मरणार ते मरू नये, हे कोणालाच साधत नाही, असे सांगून भगवंतांनी त्याला शोकातून बाहेर काढले.

वयाच्या ८० व्या वर्षी राजा शाक्यांच्या मेदळुंप गावी भगवंतांच्या अखेरच्या भेटीस गेला. दोघे एकाच वयाचे होते. खड्ग आणि राजचिन्हे दीघ कारायणाच्या हाती देऊन तो एकटाच आत गेला व भगवंतांच्या पायांवर मस्तक ठेवले. आपल्या दरबारात मध्येच बोलणारे लोक असतात, पण येथे भिक्षुसंघ एकचित्ताने ऐकतो, असे कितीतरी तो मोकळेपणाने बोलला. बाहेर येऊन पाहतो तो कारायण राजचिन्हे घेऊन निघून गेला होता. मामाच्या खुनाची आठवण ठेवून त्याने विडूडभाला गादीवर बसवले. राजाजवळ उरले एक घोडा आणि एक दासी. अजातशत्रूची मदत मागायला तो राजगृहापर्यंत गेला, पण पोहोचेपर्यंत नगरद्वारे बंद झाली होती. थकलेल्या म्हाताऱ्या राजाने वेशीबाहेरच्या धर्मशाळेत त्याच रात्री प्राण सोडला.

बंधुभगिनींनो, ज्या ज्या वेळी या राजाने विचारले त्या त्या वेळी घर सावरले, जनावरे वाचली, मुलीला बापाची माया मिळाली. बंधुलाला मात्र त्याने एक प्रश्न विचारला नाही आणि त्याची किंमत म्हातारपणी मोजली. म्हणून पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास केवळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा. स्त्रियांनीही तेथे बोलावे, मुलांनीही बोलावे. घरातली मल्लिका काय म्हणते ते आधी ऐकावे. मिळालेले उत्तर आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे. आणि कोणी आपल्या माणसाविरुद्ध कान भरले, तर दुसरे काही करण्याआधी त्या माणसाच्या घरी जाऊन त्यालाच विचारावे.