बाबा पदमनजी : धर्मांतरापूर्वीचे चिंतन

‘यमुनापर्यटन’ (१८५७) या आद्य मराठी कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. घरातील भाविक वातावरणामुळे व्रते, पूजा व पोथीवाचन यांचे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले. पुढे बेळगावच्या मिशन शाळेत आणि मुंबईच्या फ्री चर्चच्या विद्यालयात बायबलचा परिचय झाला; तथापि त्या परिचयातून लगेच श्रद्धा उत्पन्न झाली नाही.

मुंबईत ते परमहंस सभेत सामील झाले. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा जातिभेद व मूर्तिपूजा अमान्य करीत असे, परंतु तिचे कार्य गुप्तपणे चाले. तेथील एकेश्वरवाद बुद्धीला पटला, तरी पाप आणि पापक्षमा यांविषयीची त्यांची तळमळ शमली नाही. ख्रिस्ती मतात त्यांना तिचे उत्तर सापडले. मात्र ते मनोमन मानणे आणि चारचौघांत पत्करणे यांच्या मध्ये आप्तांचा दुरावा उभा होता. दीर्घ द्विधावस्थेनंतर ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. पत्नीने त्यांना साथ दिली नाही.

तीन वर्षांनी लिहिलेल्या कादंबरीत यमुना व विनायकराव हे दांपत्य ख्रिस्ती मत अंतःकरणात बाळगते, पण उघड करीत नाही. विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण हा कादंबरीचा प्रकट हेतू आहे. त्याच्या तळाशी लेखकाने स्वतः भोगलेली ही द्विधा आहे. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात तीच पुढे सविस्तर आली. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कादंबरी आणि आत्मचरित्र म्हणूनच एकत्र वाचणे आवश्यक ठरते.